डोळ्यांतलं पांढरं

फाल्गुन निम्मा सरला की हिंगोलीच्या मोंढ्याच्या बाजाराकडून वारा सुटतो आणि माझ्या खिडकीतून हळद आत शिरते. तो वास नुसत्या नाकाचा नसतो, जिभेवरही उतरतो, थोडा मातकट, थोडा कडवट. सून खिडकी लावून घेते. पडदे पिवळे होतात म्हणते. मी थोड्या वेळानं ती पुन्हा उघडते. वर्षभर आमचं दोघींचं बरं चालतं, पण या दीड महिन्यात त्या खिडकीवरून रोज एकदा तरी वाजतं.

हळद म्हटली की लोकांना लग्न आठवतं, मांडव आठवतो, नवरीचे गाल आठवतात. मला कावीळ आठवते. माझ्या लेकीला हळद लावताना बायका गाणी म्हणत होत्या आणि मी पोरीच्या डोळ्यांकडे टक लावून बघत होते. शुभकार्यात असलं बोलू नये म्हणून तेव्हा गप्प बसले. आता सत्तरी ओलांडली, शुभाशुभाचं भय जरा सैल झालं, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं गाव वसमतपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. राज्य निजामाचं. रझाकारांची धामधूम अजून तीन-चार वर्षं लांब होती, त्यामुळे आम्हा पोरांना भ्यायला गावात दोनच गोष्टी होत्या, एक पाटलाचा कुत्रा आणि दुसरा मायचा हात. दादा, म्हणजे आमचे वडील, कधी कुणावर आवाजसुद्धा चढवायचे नाहीत. ते सगळं खातं मायकडं. मी गया, थोरली, नऊ वर्षांची. माझ्या पाठचा नाम्या सहा वर्षांचा. नरसीच्या नामदेवाला नवस बोलून झालेला, म्हणून त्याचं नाव नामदेव, आणि नवसाचा म्हणून सगळ्यांचा लाडका. शकू धाकटी, तिसऱ्या वर्षात, अजून बोबडी. आणि मायला पाचवा महिना लागला होता.

हळदीचं पीक आठ-नऊ महिने जमिनीत गुमान पडून असतं आणि मग महिना-दीड महिना घर डोक्यावर घेतं. कुदळीनं खणून काढलेले गड्डे माती झटकून भल्यामोठ्या कढईत शिजवायचे. वरून हळदीचाच पाला आणि भिजलेलं गोणपाट झाकायचं, खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ. फेस वर आला, वास पालटला की दादा गोणपाट उचलून एक हळकुंड बाहेर काढायचे आणि त्यात काडी खुपसून बघायचे. काडी आरपार गेली की म्हणायचे, "झाली. उतरवा." मग ती अंगणात पसरायची, पंधरा दिवस उलटीपालटी करत वाळवायची आणि खडखडीत वाळली की गोणपाटावर घासून साल काढायचं. घासताना जी भुकटी उडायची ती घरभर बसायची. चूल पिवळी, पाट पिवळे, गाईच्या कानातले केस पिवळे. आम्ही पोरं तर डोक्यापासून नखापर्यंत पिवळी. गल्लीतली पोरं आम्हाला बघून "नवरदेव आले, नवरदेव आले" म्हणून ओरडायची. रंगपंचमीला आमच्यावर कुणी रंग वाया घालवत नसे.

वाळत्या हळदीची राखण नाम्याकडं असायची. शेरडं हळद खात नाहीत, पण तुडवतात आणि जाता जाता लेंड्या टाकून जातात. नाम्या म्हणजे पायाला भिंगरी लावलेलं पोरगं. शेरडू दिसलं नाही तर तो कोंबड्या हुसकायचा, कोंबड्या नसल्या तर शकूला. त्या वर्षी मात्र तो बसल्या जागी पेंगायला लागला. एका दुपारी चार-पाच शेरडं सगळी हळद तुडवून गेली आणि हा मधोमध गाढ झोपलेला. माय आतून धावत आली.

"झोपा काढायला बसवलं व्हय रे तुला? काहून झोपून राहिला?"

"पाय दुखून राहिले, माय."

"पाय दुखायला कोणता डोंगर चढून आला?" असं म्हणून तिनं त्याला एक सणसणीत ठेवून दिली.

नाम्या रडला नाही. तो उठला, काठी घेतली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. एरवी मायनं नुसता हात उगारला तरी हा गाव गोळा करायचा. आम्हाला त्याच वेळी कळायला हवं होतं.

तो जेवेनासा झाला. भाकरीचा एक तुकडा चघळत बसायचा आणि उरलेली हळूच गाईला घालून यायचा. माय म्हणायची, "हळदीचा वास बसला नाकात त्याच्या. मलाबी अन्न जात न्हाई." त्याची चड्डी धुताना पिवळे डाग निघत नसत, तर ती दगडावर आपटत म्हणायची, "मेलं हळदीतच लोळतं दिवसभर." स्वतः मायही मधूनच चुलीपुढून उठायची, गोठ्यामागं जायची आणि ओकून यायची. शेजारणी हसायच्या. "पाचव्यातबी थांबलं न्हाई? मग पोरगाच हाय बघ, तकलीफ देणारच." मायही तोंड पुसत हसायची.

त्या महिन्यात आमच्या घरात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच तयार होतं. पोर पिवळं का दिसतं? हळद. पेंगतं का? कामानं दमलं. मायला ओकाऱ्या का? दिवस गेलेत. मी पुढं बरीच वर्षं शाळेत शिकवलं. उत्तर तोंडावर तयार असलेली मुलं प्रश्न नीट वाचत नाहीत, हे मी दरवर्षी बघत आले. आमचं घर त्या मुलांसारखं झालं होतं.

शिमगा चार दिवसांवर आला तेव्हा चांदबी आली. ती मनियारांची, वसमतहून माल आणायची आणि डोक्यावर टोपली घेऊन पाच-सहा गावांतल्या बायकांना बांगड्या भरायची. आमच्याच गावात राहायची. माय तिच्या वयाची, दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं होतं. ओसरीवर टोपली उतरवून तिनं मायचा हात मांडीवर घेतला, साबण लावला आणि बोटं दाबत दाबत बांगड्या चढवायला लागली. नाम्या येऊन मायच्या पाठीला टेकून बसला.

चांदबीची आणि त्याची एक ठरलेली थट्टा होती. ती म्हणायची, "ये, तुलाबी भरते हिरव्यागार," की हा किंचाळत थेट वेशीपर्यंत पळायचा. त्या दिवशीही तिनं म्हटलं. नाम्यानं मुकाट्यानं हात पुढं केला.

चांदबी हसता हसता थांबली. तिनं तो हात धरला, मायचाच साबण लावून खसाखसा धुतला. पिवळं पाणी ओघळलं, हळद गेली, आणि तळहात पिवळाच राहिला. मग तिनं त्याला उन्हाकडं वळवलं आणि अंगठ्यानं त्याच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली.

"भाभी, इकडं बघ."

"हळदच हाय गं ती," माय म्हणाली. "आंगात मुरलीय आमच्या. निघंना झालीय."

"हाताला हळद लागती. कपड्याला लागती. आँखेला कदी लागती का, भाभी?"

माय वाकली. मीही वाकले. नाम्याच्या डोळ्यांत जिथं पांढरं असायचं तिथं पिकल्या लिंबाची साल होती. मायच्या डाव्या हातात नव्या बांगड्या चढल्या होत्या, उजवा अजून मोकळा होता. ती त्या मोकळ्या हाताकडंच बघत राहिली. म्हणाली, "याच हातानं मारलं गं मी त्याला परवा."

पुढं बांगड्या भरायच्या राहूनच गेल्या. मोकळा हात बरा दिसत नाही म्हणून चांदबीनं जाताना त्यात दोन काकणं सरकवली आणि मला जवळ ओढलं. "गया बेटी, तू शाणी हायस. ही बिमारी एकट्या पोरावर थांबत न्हाई, घर धुंडती. रोज सकाळी घरात जेवढी माणसं हायत तेवढ्यांचे डोळे बघायचे. उजेडात, असं पापणी वढून. पांढरं दिसलं तर अल्लाचं नाव घ्यायचं. पिवळं दिसलं तर मला हाक मारायची."

मला एवढं मोठं काम त्याआधी कुणी दिलं नव्हतं. भीती वाटली, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त अभिमान वाटला.

काविळीचं औषध पलीकडच्या गावचे एक गुरव द्यायचे. दादांनी त्यांना गाडीत घालून आणलं. त्यांची रीत अशी की आधी रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुवायचे. पाणी पिवळं होतं आणि त्यातून कावीळ उतरते, असं लोक मानायचे. त्यांनी परातीत चुन्याची निवळी ओतली, मंत्र पुटपुटत नाम्याचे हात त्यात बुडवले आणि चोळले. परातीतलं पाणी लालभडक झालं.

"रगत!" माय किंचाळली आणि नाम्यावर झेपावली.

गुरवांचाही मंत्र तोंडातच राहिला. मग त्यांना हसू आलं. "बाई, हळद अन् चुना एकत्र आल्यावर दुसरं काय व्हईल? हळदवाल्याच्या घरी आलो हे मीच इसरलो." मायनं स्वतः शंभर वेळा हळद-चुन्याचं ते लाल पाणी केलं असेल, नवरानवरीवरून ओवाळून टाकलं असेल. पण भ्यालेल्या माणसाला आपलंच ज्ञान आठवत नाही. गुरवांनी कसलीशी मुळी ताकात उगाळून द्यायला सांगितली, उसाचा रस पाजा म्हणाले, तेल बंद, तिखट बंद, आणि पिवळं म्हणून काही पोटात जाऊ द्यायचं नाही.

ते गेल्यावर माय दादांसमोर उभी राहिली. ती दादांना असं कधी बोलली नव्हती.

"ही हळद आंगणातून काढा."

"काढून कुठं न्यू? आजून दोन कढया शिजायच्या हायेत. वाळत घातलेली आर्धी कच्ची हाय, ढीग घातला तर काळी पडंल."

"पडू द्या काळी."

"डोकं फिरलं का तुझं? सालभर खायाचं काय?"

"मला दिसलं पाहिजे," माय म्हणाली. "या पिवळ्यात मला माझं लेकरू दिसंना व्हो. ते पंधरा दिस माझ्यासमोर बिमार व्हतं अन् मला दिसलं न्हाई."

दादांनी दिवसभर गाडी लावून सगळी हळद गावाबाहेर खळ्यावर नेली आणि स्वतःही तिकडंच राहू लागले. घरी आले तर आधी विहिरीवर अंग धुऊन, कपडे पालटून. मायनं अंगण झाडलं, शेणानं सारवलं, मग पुन्हा सारवलं. चुलीची भिंत, ओसरीची भिंत, सगळ्याला पांढरी माती फासली. अंथरुणं नदीवर नेऊन आपटली. पोटात पाच महिन्यांचं लेकरू घेऊन ती आठ दिवस पिवळ्या रंगाच्या मागं लागली होती. आमच्या घरात पांढरं वरण शिजायला लागलं. हळद पिकवणाऱ्याच्या घरात हळदीशिवाय जेवण म्हणजे गावाला नवलच. मधून मधून ती गोठ्यामागं जायची. कुणी विचारलं नाही. विचारायला काय होतं, ते तर सगळ्यांना माहीत होतं.

माझं काम मी चोख करत होते. सकाळी ऊन ओसरीवर आलं की आधी नाम्या. मग शकू, तिचे डोळे बघायला दोन माणसं लागायची, कारण ती पापणीला हात लावला की चावायची. तिसऱ्याच दिवशी शकूचे डोळे मला पिवळसर वाटले. मी चांदबीच्या दारापर्यंत ओरडत गेले आणि वेळेवर कळलं म्हणून चांदबीनं माझ्या पाठीवर थाप मारली. मग मला चटकच लागली. दादा गाडी जुंपायला आले की त्यांना खाली बसवून डोळे बघायची. गाईचे बघितले, वासराचे बघितले, पाटलाच्या कुत्र्याचे लांबून बघितले. शेवटी पाण्याच्या घागरीत वाकून माझे बघितले आणि तेही पिवळसर निघाले. मी रडले नाही. मला आता उसाचा रस मिळणार होता.

शकूची आणि माझी कावीळ हलकी होती. नाम्याची मुरली होती. तो दिवसभर गुंगीत पडून राहायला लागला. पहिले दोन दिवस हाक मारली की डोळे उघडायचा. तिसऱ्या दिवशी मायकडं बघून म्हणाला, "तू कोण?" चौथ्या दिवशी हाकेला ओ देईना. माय त्याच्या उशाशी बसून राहिली. चमच्यानं रस ओठाला लावायची, तो गालावरून ओघळायचा, ती पुसायची आणि पुन्हा लावायची. दादा खळ्यावरून येऊन दारात उभे राहायचे आणि आत न येता परत जायचे. एकदा मी त्यांच्यामागं गेले, तर ते बैलाच्या मानेवर डोकं टेकून उभे होते. नवसाचं पोर होतं. ज्यानं दिलं तो परत मागतोय का, हे त्यांच्या मनात आलंच असणार. मायच्या मनात देव नव्हताच, तिच्या मनात फक्त ती थप्पड होती. ती त्याच्या गालावरून, बरोब्बर त्याच जागी, हात फिरवत म्हणायची, "बाळा, आता झोपला तर झोप, पण उठ रे."

पाचव्या दिवशी दुपारी, मायला बसल्या बसल्या डुलकी लागलेली असताना, नाम्यानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं आणि खरखरीत आवाजात म्हणाला, "माय, पिठलं कर. पिवळंधमक."

माय जागी झाली. आधी तिला कळलंच नाही. मग ती हसायला लागली, मग रडायला, आणि रडता रडताच म्हणाली, "पिवळं सोडून काहीबी माग रे, राजा." त्या दिवशी आमच्या घरात नऊ-दहा दिवसांनी पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोललं. दादा आत आले आणि नाम्याच्या पायथ्याशी बसले. चांदबीनं गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. संकट गेलं, असं सगळ्यांना वाटलं.

पाडव्याला दोन दिवस होते. सकाळची वेळ. मी परसात उसाची कांडकी चोखत बसले होते. नाम्या भिंतीला धरून चालायला शिकल्यासारखा चालत होता. आतून घागर पडल्याचा आवाज आला. मी धावले. माय चुलीपाशी पडली होती, पाण्यात, आणि पाणी लाल होत चाललं होतं. या वेळी ते चुन्याचं नव्हतं.

दार लावून घेतलं. आत चांदबी आणि शेजारच्या दोन बायका. मी ओसरीवर नाम्याला आणि शकूला धरून बसले. शकू दाराकडं बघून "माय, माय" करत होती आणि मी तिला उसाचे तुकडे भरवत होते. किती वेळ गेला कळलं नाही, ऊन ओसरीवरून खाली उतरलं होतं. चांदबी बाहेर आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते तिनं दादांच्या हातात दिलं. दादा ते घेऊन शेताकडं निघाले. बरोबर कुणी गेलं नाही.

मग चांदबी माझ्याजवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते. म्हणाली, "तिचे डोळे बघितले आता मी. हळदीसारखे हायेत. कधीचे असतील कोण जाणे." आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं, "बेटी, समद्यांचे डोळे बघितलेस, मायचे न्हाई बघितले?"

बोलली आणि तिनंच स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. मला मांडीत घेतलं. "माझं चुकलं, बेटी. म्या एवढी मोठी असून न्हाई बघितले, तू तर लेकरू." पण शब्द सुटला तो सुटला.

मी मायचे डोळे का बघितले नाहीत, याचा मी आयुष्यभर विचार केला. ती सदा चुलीकडं तोंड करून असायची. डोक्यावर पदर, मान खाली. आम्हा पोरांची नजर तिच्या हाताकडं असायची, भाकरी येते की थप्पड येते. ही सगळी कारणं खरी आहेत आणि तरी पुरेशी नाहीत. चांदबीनं सांगितलं होतं, घरात जेवढी माणसं. मी गाय मोजली, वासरू मोजलं, परक्याचा कुत्रा मोजला. मायला मोजायचं मला सुचलं नाही. ती घरातलं माणूस नव्हती, ती घरच होती. माझ्या शिकलेल्या पुतण्यानं मला पुढं समजावलं की कावीळ पाण्यातून येते, बाळंतीण होऊ घातलेल्या बाईला ती फार वाईट, आणि आधी कळलं असतं तरी त्या काळात कुणी फारसं काही करू शकलं नसतं. तो मला बरं वाटावं म्हणून सांगत होता. मी ऐकून घेतलं.

माय वाचली. उठून बसायला तिला वैशाख उजाडला. तोवर चांदबी दोन्ही वेळा येऊन आमची चूल बघायची, स्वतःच्या घरी उशिरा जायची आणि कुणी काही म्हटलं तर म्हणायची, "भाभी उठली की मी निजंल." हळद त्या वर्षी अर्धी काळी पडली.

माय उठली त्या पहिल्या सकाळी मी नेहमीप्रमाणे ओसरीवर नाम्याला उन्हात बसवलं. तेवढ्यात ती आतून भिंतीला धरत आली. मला हातानं बाजूला केलं आणि स्वतः खाली बसून नाम्याची पापणी ओढली. बघितलं. मग शकूची. मग माझी. तिचा अंगठा थंड होता. "हां," म्हणाली, "जेव." आणि ताटात भाकरी टाकली.

त्यानंतर ते काम माझ्याकडं परत आलं नाही. रोज सकाळी, पहिल्या भाकरीआधी, प्रत्येकाची पापणी ओढायची, बघायचं आणि म्हणायचं, "हां, जेव." त्याशिवाय ताटात काही पडत नसे. नाम्याला मिसरूड फुटलं तरी तिनं सोडलं नाही. तो वैतागायचा, "माय, लोक हासून राहिले," आणि तरी मान वर करायचा. नवी सून घरात आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं आपली पापणी ओढलेली बघून बिचारी घाबरली. आणखी एक गोष्ट. त्या फाल्गुनानंतर मायनं आमच्यापैकी कुणावरही हात उचलला नाही. आम्ही मार खाण्यासारखं पुष्कळ केलं, तरीही नाही.

ते काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं, याचा सल मला फार वर्षं होता. मी नापास झाले म्हणून काढलं असं वाटायचं. तिनं कधी एका शब्दानं बोल लावला नाही, त्यामुळे तर जास्तच. माझी स्वतःची मुलं झाली, त्यांचे ताप, गोवर, डांग्या खोकला मी काढला, तेव्हा कुठं उलगडलं. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर अख्ख्या घराचा जीव ठेवला होता, तो तिनं उचलून परत आपल्या डोक्यावर घेतला होता. तिला मला शिक्षा करायचीच नव्हती. हे मला कळलं तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं. आमच्याकडं असलं बोलायची पद्धत नव्हती.

माझी पन्नाशी होत आली तेव्हाची गोष्ट. हळदीचे दिवस होते, मी गावी गेले होते. मायचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरलेले. नाम्यानं डोळ्यांच्या शिबिरात नेतो म्हटलं तर म्हणायची, "आता काय बघायचं राह्यलं?" सकाळी नाम्याच्या बायकोनं दोन ताटं वाढून आमच्यापुढं ठेवली. मी भाकरीला हात घालणार तोच मायनं माझा चेहरा चाचपला. नाक सापडलं, गाल सापडला, मग अंगठ्यानं तिनं माझी पापणी खाली ओढली आणि अगदी जवळ तोंड आणलं.

"धुरकट दिसून राहिलं," ती म्हणाली. "तूच सांग. पांढरं हाय का?"

"पांढरं हाय, माय."

"बराबर बघून सांग."

"बराबर पांढरं हाय."

"हां. जेव."

मी जेवले नाही. मी ताट बाजूला सरकवलं, तिची हनुवटी धरली, तिला दाराच्या उजेडाकडं वळवलं आणि तिची पापणी ओढली. चाळीस वर्षांत मी तिच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते. ती दचकली.

"काय बघून राहिलीस?"

"बघायचं राह्यलं होतं."

लहानपणी नाम्या बसायचा तशी ती, मान वर करून, हात मांडीत ठेवून गुमान बसून राहिली. बाहेर अंगणात हळद वाळत पडली होती आणि तिचा वास घरात भरला होता. म्हातारीच्या डोळ्यात बुबुळावर धूर होता, कोपऱ्यात पाणी होतं. आणि जे बघायचं ते मी बघितलं, एकदा या डोळ्यात, एकदा त्या.

"पांढरं हाय का गं?" तिनं हळूच विचारलं.

"पांढरं हाय, माय," मी म्हणाले. "हां. जेव आता."

तिनं चाचपून ताट जवळ ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.